नाव घेताना रुंदी मोजावी

उजनी धरणाच्या पाण्याने भीमेचे दोन काठ एकमेकांपासून फार दूर नेले. रस्त्याने मोठा वळसा पडत असल्याने काठच्या कित्येक गावांतील शेतकरी खत, चारा व माणसे नावेतूनच नेतो. जुनी लाकडी होडी निकामी झाल्यावर तो ॲल्युमिनियमच्या यंत्रचलित नावेचा विचार करतो, हे योग्यच होय. हा धातू लोखंडाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकाच जड असून लोखंडासारखा गंजत नाही. अडचण येते ती निवडीची.

समजा, दोन नावा समोर आहेत. दोन्ही १६ फूट लांब, किंमतही जवळपास सारखी. एक पाण्याच्या पातळीशी ४ फूट रुंद, पातळ पत्र्याची, २५ अश्वशक्तीच्या इंजिनाची. दुसरी ५ फूट रुंद, जाड पत्र्याची, पण इंजिन १० अश्वशक्तीचे. पहिलीचेच कौतुक अधिक होते, आणि ते अस्थानी आहे.

भारवाहू नावेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. १६ फुटी भरलेली नाव ताशी सुमारे १० किलोमीटर सहज जाते. त्यापुढे इंजिनाचा जोर बहुतांशी लाटा उठविण्यातच खर्ची पडतो. रिकामी नाव पाण्यावर उचलून धावते खरी, परंतु शेतकरी काही शर्यतीसाठी नाव घेत नाही.

रुंदीचे तसे नाही. लांबी तीच ठेवून रुंदी सव्वापट केली की कलंडण्यास होणारा नावेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय डीएपीच्या १० गोण्या, म्हणजे ५ क्विंटल भार, घातल्यावर रुंद नाव कमी बुडते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव याच जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली व ६ जणांचे प्राण गेले. आभाळ भरून आले असता कोणतीही नाव सोडू नयेच. तथापि वळवाच्या वाऱ्याने मध्यावर गाठले, तर आधार उरतो तो नावेच्या रुंदीचा व अंगातील जीवरक्षक जाकिटाचा.

रुंद नाव जड असते, उन्हाळ्यात चिखलातून ओढताना दोन माणसांना आवरत नाही, हा आक्षेप खोटा नव्हे. पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते तेव्हा पाणी किती मागे हटते ते दिसतेच. परंतु त्याच दिवसांत बुडालेल्या गावांच्या भिंती व झाडांची खोडे तळाला घासतात. तेथे पातळ पत्रा फाटतो.

जाता जाता एक सूचना. मोरचुदाची पिशवी किंवा बोर्डो मिश्रणाचे पिंप नावेत सांडू देऊ नये. तांब्याचे क्षार ॲल्युमिनियमला खातात. सांडलेच तर तळ त्वरित भरपूर पाण्याने धुवावा.

खरेदीपूर्वी दोन्ही नावा काठाजवळच्या उथळ पाण्यात सोडवून घ्याव्यात. नेहमीचा भार भरून दोन माणसांना एका बाजूस बसवावे आणि कललेल्या बाजूचा काठ पाण्यावर किती इंच उरतो, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याने फूटपट्टीने मोजून सर्वांसमक्ष लिहून घ्यावे. इंजिनाची चौकशी त्यानंतर करावी.