जोते कोणाचे, जमीन कोणाची?

तुळिंज हे एकेकाळचे शेतीचे गाव आज नालासोपारा पूर्वेच्या चाळी-इमारतींत हरवले आहे. वसई परिसरातील जुन्या शेतघराची रचना कोणाच्या लहरीतून नव्हे, तर पाऊस आणि पीक यांच्या गरजेतून घडली. काळ्या दगडाचे उंच जोते पाणी उंबऱ्याबाहेर ठेवी, उतरते कौलारू छप्पर पाऊस झेली, माळ्यावर धान्य राही. बागायती पट्ट्यात वाडीलगतचे बावखल पावसाचे पाणी जिरवून उन्हाळ्यात विहिरी जिवंत ठेवी. पुढे बावखले बुजली, भातखाचरे भरावाखाली गेली. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रेल्वेरूळ पाण्याखाली गेले. गवंड्याला कळत होते ते नियोजनकारांना का कळू नये?

कारण अज्ञान हे नाही. जुने घर पडते ते केवळ जीर्ण झाले म्हणून नव्हे. त्याखालच्या जमिनीचा भाव घराहून चढला म्हणून. हा भाव मालकाच्या वा बिल्डरच्या घामाने चढलेला नाही. रेल्वे, रस्ते आणि मुंबईत घर न परवडणाऱ्या श्रमिकांची निकड यांनी तो चढवला. समाजाने निर्मिलेले मूल्य खासगी खिशात जाते, हे खरे दुखणे.

इंग्लंडच्या खेड्यांत शेकडो वर्षांची दगडी शेतघरे उभी आहेत, ती केवळ इतिहासप्रेमाने नव्हे. अ‍ॅटलींच्या मजूर सरकारने 1947 च्या नियोजन कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्क राज्याकडे घेतला, ऐतिहासिक इमारतींच्या सूचीची तरतूद केली आणि विकासातून होणाऱ्या मूल्यवाढीवर शंभर टक्के आकार बसवला. पुढे हुजूर पक्षाने तो आकार रद्द केला. परवानगीचे बंधन मात्र टिकले. परिणामी भिंती वाचल्या, पण शेतमजूर गेला. कित्येक शेतघरे शहरी धनिकांची सुटीची घरे बनली.

महाराष्ट्राने तर 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदाही 2007 मध्ये गुंडाळला. अशा स्थितीत नुसते ‘वारसा वाचवा’ म्हटल्यास चाळीतला कामगार विचारील, ‘मग आम्ही राहायचे कुठे?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. शेतघर आणि कामगाराचे घर यांत वैर नाही. दोघांचा वाटा एकच हात पळवतो. म्हणून जमिनीच्या मूल्यवाढीचा हिस्सा सार्वजनिक तिजोरीत यावा आणि त्यातून श्रमिकांची घरे, शेतघरांची डागडुजी व बावखलांचे पुनरुज्जीवन व्हावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत नेली पाहिजे. जमिनीचा प्रश्न टाळून जोते वाचवता येणार नाही.