डबा फुटला, धान्य नाही!

"सर, जुने झाले की टाकून द्यायचे असते." हे वाक्य हल्ली मला उठताबसता ऐकावे लागते. पंखा टाका, मिक्सर टाका, चष्म्याची दांडी मोडली तर चष्मा टाका. (निवृत्त मास्तरांचा नंबर कधी लागणार, हे अजून कोणी बोललेले नाही, एवढेच.) माझ्या घरापुरते असते तर मी गप्प बसलो असतो. पण हाच न्याय आता वॉकीटॉकीला लावला जातो आहे, आणि तोही मावळात. तिथे मात्र गप्प बसवत नाही.

लांबच्या नातेवाइकांसाठी थोडा भूगोल. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. धुके असे, की हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. लोहगड, विसापूर, नागफणी, राजमाची या भागात डोंगराची एक सोंड आडवी आली की मोबाइलची रेंज गेलीच म्हणून समजा. मोबाइलला मनोरा लागतो. वॉकीटॉकीला दुसरी वॉकीटॉकी पुरते. तिलाही डोंगर आडवा येतो, नाही असे नाही, पण मध्ये धारेवर एक माणूस उभा केला की निरोप पुढे जातो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दुसऱ्या दिवशीही शोध चालू होता. अशा वेळी वरच्या अंगाला एक तुकडी, खालच्या अंगाला दुसरी, मध्ये पाण्याचा आवाज. तिथे हाका मारून काय होणार? बोरघाटातली रेल्वेच पाहा. चढण सदतिसास एक, गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने. चालक पुढे, गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) पार मागे, आणि दोघांच्या हातात वॉकीटॉकी. खेळणे म्हणून नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या भागातल्या एका छोट्या मंडळाकडे रीतसर परवान्याचे पाच संच आहेत. त्यातल्या तिघांची बॉडी फुटली. एकाचा कोपरा उडाला, एकाला बॅटरी बसते त्या खाचेपाशी तडा गेला, तिसऱ्याचे बोलायचे बटण झाकणारे रबर फाटले. आतले सर्किट ठणठणीत, आवाज खणखणीत. मुले ते संच घेऊन पुण्याच्या एका दुकानात गेली. उत्तर मिळाले, "सुटी बॉडी येत नाही. नवीन संच घ्या." एका देणगीदारानेही तेच सांगितले, "भंगारात काढा, मी दोन नवे देतो, छोटासा कार्यक्रम करू."

डबा फुटला म्हणून कोणी आतले धान्य उकिरड्यावर ओतते का हो?

मोटोरोलाच्या जीपी-३३८ सारख्या संचांची रचना तरी बघा. बॅटरी काढायची, अँटेना फिरवून काढायची, वरची दोन बटणे ओढून काढायची. मग तळाच्या खाचेत चपटा पेचकस घालून आतला सांगाडा हलकेच उचलायचा. बॉडी आणि सर्किट यांना जोडणारी एक नाजूक पट्टी असते, ती न ओढता सोडवायची. झाले. फुटते ते बाहेरचे प्लास्टिक, आणि ते बदलता यावे म्हणूनच वेगळे केलेले असते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने (आठवीत भूमितीत नेहमी काठावर!) हे काम माझ्यासमोर चहा गार व्हायच्या आत केले.

पण विरुद्ध टोकाच्या मंडळींनीही टाळ्या वाजवू नयेत. तडा गेला की चिकटपट्टी, नाहीतर एम-सील, आणि "चालतंय की!" हा आपला दुसरा राष्ट्रीय रोग. बॉडीचे काम दिसण्याचे नाही, पाणी अडवण्याचे आहे. सांगाड्याभोवती एक रबरी कडे असते. ते दबलेले, कडक झालेले असेल तर नवी कोरी बॉडी घालूनही पाणी आत जाणारच. बाजारात स्वस्त नकली बॉड्या मिळतात. त्यांतल्या पुष्कळ दिसायला हुबेहूब असतात, पण कडे नीट बसत नाही. म्हणून बॉडी बदलताना कडे आणि बटणाचे रबर नवेच घाला. जुन्या लेबलवरचा क्रमांक नोंदवहीत उतरवून ठेवा. गळतीची तपासणी झाल्याशिवाय तो संच जलरोधक आहे असे कोणालाही सांगू नका. आणि प्लास्टिक थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नका. डास पळवणारे मलम लावलेल्या हाताने संच धरणेही वाईट, त्यातली काही रसायने असले प्लास्टिक खातात.

"नवे संच चांगले असतात," हे मला मान्य आहे. ज्याचे सर्किटच गंजले तो संच ई-कचऱ्यात रीतसर द्यावा, त्याची पूजा करू नये. पण दोन नवे डिजिटल संच आणि तीन जुने अॅनालॉग यांची भाषा जुळवून घेतल्याशिवाय एकमेकांना कळत नाही. मग दोघे बोलणार आणि तिघे बहिरे! आणि "इंटरनेटवर दोन हजाराला मिळतात" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच सोडले तर परवाना लागतो. विनामंजुरी संच सर्रास विकले जात होते, म्हणून तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. बॉडी बदलण्यात असला घोळ नाही. आतला संच तोच राहतो.

दुरुस्तीच्या हक्काची भाषा सरकारनेही केली. २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल उघडले. चांगले झाले. पण पोर्टलवर माहिती दिसणे वेगळे आणि दुकानात सुटा भाग हातात पडणे वेगळे. संच विकणाऱ्याने त्याची बॉडी, कडे आणि बॅटरी पुढची ठरावीक वर्षे विकलीच पाहिजेत, असे बंधन हवे. तोवर "येत नाही" हे उत्तर आपण मुकाट्याने ऐकून घेऊ नये. लेखी मागावे.

देणगीदारांनाही हात जोडून विनंती. नव्या संचाबरोबर फोटो छान येतो, रबरी कड्याबरोबर येत नाही, हे मला कळते. पण धुक्यात अडकलेल्या पोराला तुमचा फोटो दिसणार नाही. त्याला शोधणाऱ्यांना एकमेकांचा आवाज ऐकू आला पाहिजे. तेव्हा यंदा शाल-श्रीफळाचे पैसे वाचवा आणि आपल्या गावच्या मंडळाला विचारा, "किती बॉड्या, किती कडी, किती बॅटऱ्या हव्यात?" आणि हे मे महिन्यात विचारा. जुलैत विचारून उपयोग नाही.