घाम आटला तर…

वैशाखात हिंगोली, कळमनुरी, वसमत येथे पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा सदरा कोरडाच राहत असेल, तर त्यात समाधान मानू नये. घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. तो आटला की ती आतच साचते.

उतारवयात घाम काहीसा कमी होतोच. जुना मधुमेह, लघवीच्या किंवा कंपवाताच्या काही गोळ्या हीही कारणे असतात. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. घाम थांबण्यासोबतच डोळ्यांत खडे टोचू लागले, पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरेना, सांधे धरले, तर डॉक्टरांना हे सारे एकत्र सांगावे. तो श्योग्रेन विकार असू शकतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर उलटते. काही रुग्णांत घर्मग्रंथी किंवा त्यांचे चेतातंतूही बाधित होतात. रक्ततपासणीने निदानास मदत होते.

तोवर दुपारचे ऊन टाळावे, अंग ओल्या कापडाने पुसून वारा घ्यावा. हाच उसना घाम. अंग तापून रुग्ण बरळू लागल्यास अंग भिजवीत राहावे आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.