रोजची भाकर, रोजचे चालणे

उपवासकाळात चाळीस दिवस जिभेला लगाम घालणारे आपण पास्काच्या दुपारी बिर्याणीवर ताव मारतो आणि पुढे वर्षभर मोकळे! प्रभूने मात्र रोजची भाकर मागायला शिकवले, वर्षाची नव्हे. रानात मान्नाही त्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता. हाव धरून ठेवलेला नासला. आरोग्याचे मोठाले संकल्पही माझ्या मते असेच नासतात.

आपल्याच तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितलेले साधेच आहे: अर्धे ताट भाज्या-फळांचे, मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत आणि नियमित व्यायाम. तेव्हा रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, सोबत पालेभाजी, जेवणानंतर गल्लीत दोन फेऱ्या. एवढे फक्त आजच्यापुरते ठरवू या. एखादा दिवस चुकला तर खंत नको, उद्याची कृपा उद्या आहेच.

पौल शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. मंदिर कोणी वर्षातून एकदाच झाडत नाही. आणि ही सेवा एकट्याने का करावी? रविवारी मिस्सानंतर बिनसाखरेचा चहा आणि फुटाणेही ठेवू या, म्हणजे मधुमेह असलेल्या भावाला रिकाम्या हाताने बाजूला उभे राहावे लागणार नाही.