कॅसेट जुनी, कौतुक शिळे

'जुने ते सोने' ही म्हण व्हिडिओ गेमला लावणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. नव्वदीत शाळेत असलेली पिढी आता आईबाप झाली. चिक्कडपल्लीत काय किंवा देगलूर-बिदरकडे काय, दिवाळीच्या सुट्टीत 'मारिओ', 'कॉन्ट्रा' लावायचे, मुलांना बळेच बसवायचे आणि मूल दहा मिनिटांत उठले की 'तुम्हांला धीरच नाही' असे सुनवायचे, हा परिपाठच पडला आहे.

दोष मुलांचा नाही. 'कॉन्ट्रा' मुळात १९८७ सालचा, नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा. खेळणारा लवकर मरण्यातच तिथे मालकाचा नफा! घरच्या कॅसेटमध्येही एक गोळी लागली की जीव गेला. म्हणून तर तीस जीव देणारी ती गुप्त बटणे सर्वांना तोंडपाठ. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला. त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र, रंग तेवढा निराळा. वीज गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. 'डक हंट'ची बंदूक तर आजच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही. तिला जुन्या काचेच्या नळीचाच पडदा लागतो.

कोणी म्हणेल, अभिजात कृती शिळी होत नाही. चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीतले जुने पुस्तक आजही उघडून वाचता येते, हे खरे. खेळ मात्र आपल्या यंत्रासकट म्हातारा होतो.

मग आपल्याला गोड लागले ते काय? घरात एक टीव्ही, दोन कंट्रोलर आणि भोवती सहा पोरे. त्या खेळांत बोलणे जवळजवळ नव्हतेच; ते पोरांनी भरले. 'आता माझा डाव' मराठीत, 'नाकु इव्वु' तेलुगूत आणि दख्खनीतले 'नक्को' तर आपल्याच 'नको'चे भावंड. तीन भाषा एका सतरंजीवर नांदत होत्या. आजचे मूल कानांवर हेडफोन चढवून एकटे खेळते, तेही बहुधा इंग्रजीत. हैदराबादेत घराबाहेर त्याच्या कानी मराठी पडते तरी किती?

तेव्हा मंडळी, कॅसेट माळ्यावरच राहू द्या. या सुट्टीत शेजारची मुले घरी बोलवा, मुलांच्या आवडीचा नवा खेळ लावा, हेडफोन काढून ठेवा आणि कंट्रोलर दोनच द्या. डावावरून भांडू द्या त्यांना. वारसा द्यायचाच असेल तर तो त्या भांडणाचा द्या, कॅसेटचा नव्हे.