धोका आधी कळतो, गुण वर्षानंतर

रक्ताच्या थेंबावरून एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिसचं) औषध ठरणार, ही बातमी या आठवड्यात बऱ्याच वाचकांनी पाठवली. पाठवणाऱ्यांत रुग्ण होते, रुग्णांच्या आया होत्या, म्हणून जास्त राग आला. बातमीतली चाचणी न्यूरोफिलामेंटची; त्याबद्दल मागे लिहिलंच आहे. मज्जातंतूंना इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं. आजार किती भडकलाय ते त्यावरून कळतं. कुणाला कुठलं औषध लागू पडेल, ते नाही.

एमएसवरच्या नॅटालिझुमॅबचंच बघा. २००४ मध्ये आलेलं हे औषध फेब्रुवारी २००५ मध्ये मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांना पीएमएल हा मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाला. २००६ मध्ये ते परत आलं आणि पुढे पीएमएलमागच्या जेसी विषाणूच्या अँटिबॉडीची चाचणी मिळाली. चाचणी निगेटिव्ह असेल तर धोका दहा हजारांत एकाच्या आसपास. अँटिबॉडीचा इंडेक्स दीडच्या वर असेल तर उपचाराच्या सहाव्या वर्षी हजारात दहाच्या घरात. सलाइन लावण्याआधी एवढं सांगता येतं. त्याच रुग्णाने 'डॉक्टर, मला गुण येईल का?' असं विचारलं, तर द्यायला असा आकडा नाही.

एमएसवर इंटरफेरॉन तर १९९३ पासून वापरात आहे. त्याचा गुण मोजणारा सुधारित रिओ स्कोअर मांडायचा तो वर्षभर इंजेक्शनं घेऊन झाल्यावर: किती अटॅक आले, एमआरआयवर चारापेक्षा जास्त नवे डाग दिसले का. पुढच्या वर्षांचा अंदाज त्यातून येतो, पण पहिलं वर्ष रुग्णाने मोजून दिलेलं असतं.

पीएमएलमागे एक विषाणू आहे, तो शोधता येतो. गुण मात्र एका माणसात वेगळा काढून दाखवता येत नाही. अटॅक आल्यावर औषध सुरू होतं; पुढचं वर्ष शांत गेलं, तर ते औषधाने की आजार आपणहून निवला म्हणून? मुळात सौम्य आजार असलेला रुग्ण कुठल्याही औषधावर ठीकच दिसतो. त्यामुळे कोण चांगला राहील एवढंच सांगणारं मॉडेल मला पुरत नाही, मग ते कितीही अचूक असो. चिठ्ठ्या टाकून दोन औषधांत वाटलेले रुग्ण घ्या आणि कुणाला कुठलं चालेल हे चाचणीने आधी ओळखलं होतं का, ते दाखवा.

तोवर भिस्त एमआरआयवर, आणि तिथे मी पुन्हा तेच सांगणार. औषध सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी नवा बेसलाइन स्कॅन हवाच, नाहीतर औषध लागू होण्याआधीचे डाग त्याच्या नावावर चढतात. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर. एका वाचक बाईंची फाइल परवा पाहिली: वेगवेगळ्या सेंटरचे रिपोर्ट, प्रत्येकात 'अनेक डाग', पण नवे किती ते कुठेच नाही, मागच्या फिल्मशी तुलनाही नाही. त्या फाइलवरून त्यांचं औषध बदलायचं की नाही, ते ठरणार होतं. जुनी सीडी रेडिऑलॉजिस्टच्या हातात द्या, आणि नव्या डागांचा आकडा लिहून मागा.