शिरगणती आणि पदकं

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली भारताला ६ पदकं मिळाली, सुवर्ण एकही नाही. आणि एवढा मोठा देश म्हणून आपण कपाळाला हात लावला. पण पदकं शिरगणतीवर मिळत नाहीत, मैदानापर्यंत पोचलेल्या पोरांवर मिळतात. हॉकी सोडली तर पाचपैकी चार पदकांत लोकसंख्येने जेमतेम दोन टक्के असलेल्या हरियाणाचे खेळाडू होते. तिथे गावोगावी आखाडे आहेत आणि पदकामागे सरकारी नोकरी. आपले कुस्तीवीर खाशाबा जाधव यांना मात्र १९५२च्या हेलसिंकीसाठी वर्गणी मागावी लागली. तिथल्या त्यांच्या पदकानंतर महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये मिळवून दिलं, ७२ वर्षांनी. तरीही पोर्शन मागे पडला की शाळेत पहिला बळी पीटीच्या तासाचाच जातो. मग पदकतालिकेवर चिडण्यात काय हशील?